रिकामी बांधी

माझी माय लाखांदूरजवळच्या आमच्या गावात चाळीस वर्षं लोकांच्या बांध्यांत धान रोवत आली. बांधी म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा. तिच्या मजुरीवर मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालो आणि नऊ वर्षं कॉलेजात तासिकांवर शिकवलं. कायम नोकरीच्या दोन मुलाखतींत मी एकाच प्रश्नावर आपटलो होतो. क्वांटम सिद्धांतातले निर्मिती आणि विलोपन ऑपरेटर: पहिला एक कण वाढवतो, दुसरा एक कमी करतो. फळाभर गणित करायचो, पण "याचा अर्थ काय?" म्हटलं की माझी दातखीळ बसायची. वय बघता तिसरी मुलाखत शेवटचीच होती.

आदल्या सकाळी मी बांधावर बसून पाठ घोकत होतो. माय नांग्या भरत होती, म्हणजे कुजलेल्या रोपांच्या जागी नवी लावत होती.

"काय पुटपुटून राहिला, बाबू?"

मी वैतागलेलोच होतो. "माय, रिकाम्या बांधीत आधी एक रोप रोवलं आन मंग उपटलं, त काय राहीन?"

"रिकामी बांधी."

"आन आधी उपटलं, मंग रोवलं त?"

ती हसली. "उपटू काय? चिखल? तुहं काम त सुरूच नाही होत. मंग रोवनं कायचं?"

मी उठून उभाच राहिलो. क्रम बदलला की उत्तर बदलतं, हे समीकरण मला पाठ होतं. का बदलतं, ते आज कळलं. रिकामी बांधीही बांधीच असते, तिच्यात रोवता येतं. पण नसलेलं रोप उपटणं घडूच शकत नाही, आणि न घडणाऱ्याचं उत्तर गणितात शून्य. शिवाय नांगी भरलेलं रोप कोणतं, हे महिन्याभराने मायलाही ओळखू येत नाही. कणांचं त्याहून पुढचं: अमुकच कण काढला, असं तिथे नसतंच. एक कमी झाला, एवढंच.

मुलाखतीत मी हेच सांगितलं. अध्यक्ष खूश झाले. म्हणाले, "छान! उदाहरण कुणाचं?"

"आमच्याकडच्या एका मजूर बाईचं," मी म्हणालो.

नोकरी लागली. पेढे वाटून झाल्यावर मायने विचारलं, "माहं नाव सांगतलं का रे तिथं?"

"सांगतलं ना."

आता दर रोवणीला ती बायांना हे अभिमानाने सांगते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. म्हणून इथे लिहितो. ती मजूर बाई माझी माय आहे. तिचं नाव बायजाबाई चिंधू रामटेके.