दांडीवरचा खटका

औंढ्याच्या रस्त्यावर, चढाच्या पायथ्याशी लिंबाच्या सावलीत एक सायकलवाला भेटला. त्याच्याही सायकलला माझ्यासारखे तीन गियर होते. फक्त गियर बदलायचा माझा खटका हँडलवर आणि त्याचा दांडीवर. त्यानं माझा खटका मागंपुढं करून पाहिला, मिशीला पीळ दिला आणि म्हणाला, "हे काही बराबर न्हाई."

"काहून? हँडल सोडावं लागत नाही, नुसत्या अंगठ्यानं काम होतं."

"तेच तर! समदं तुमालाच करावं लागतं."

तेवढ्यात त्याची बायको विहिरीवरून पाणी पिऊन आली आणि सवयीनं दांडीवर बसली. आम्ही बरोबरच निघालो. चढ लागताच खटका तिनं ओढला.

"ह्यांना चढ दिसतच न्हाई," ती हसून मला म्हणाली. तो रुबाबात पाय मारत राहिला.

वर सपाटी आली, तिनं पुन्हा जड गियर टाकला. पुढं त्यांच्या गावची शीव लागली. ती झटकन उतरली, डोक्यावर पदर घेतला आणि रीतीप्रमाणे नवऱ्याच्या मागून चालू लागली.

गावात शिरायचा चढ तो एकटाच, त्याच जड गियरवर, घाम गाळत चढला. खटक्याकडं त्याचा हात काही गेला नाही. आणि मागं ती, आपण पुढं निघून जाऊ नये म्हणून, एकेक पाऊल मुद्दाम सावकाश टाकत होती.