बोरांचं रसायनशास्त्र

देवळीच्या गुंजन थूलला कुठलीही गोष्ट पहिल्या फटक्यात समजत नसे, आणि समजेपर्यंत ती गप्पही बसत नसे. शाळेत गुरुजी हसून म्हणायचे, "विचार बाई, तुझं झालं की पुढे जाऊ." वर्ध्याला बी.एस्सी.ला आल्यावर मात्र भरगच्च वर्गात हात वर करायची तिची हिंमत होईना. सेंद्रिय रसायनशास्त्रात ती नापास झाली. मग घरी बसून, तोच धडा पुन्हा पुन्हा उलगडून, दुसऱ्या खेपेला चांगल्या मार्कांनी पास झाली.

तिसऱ्या वर्षाला असताना रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मानकर मॅडमनी तिला बोलावलं. खालच्या वर्गातली बरीच मुलं याच विषयात अडली होती. आठवड्यातून दोनदा तिनं त्यांच्यासोबत अभ्यासाला बसावं, असं त्यांच्या मनात होतं.

"मॅडम, मी तर याच पेपरात नापास झालती. मले काऊन सांगता?"

"म्हणूनच. पोरं कुठं अडकतात ते तुले ठाऊक आहे."

पहिल्या दिवशी गुंजननं थेट मॅडमसारखं शिकवायला घेतलं. फळा भरला, घसा सुकला. पोरं माना डोलवत होती. शेवटच्या बाकावरचा नागेश उईके तेवढा मान हलवत नव्हता. आष्टीकडच्या गोंड वस्तीवरचा हा पोरगा, महिनाभरात वर्गात कुणी त्याचा आवाज ऐकला नव्हता.

"समजलं का नागेश?"

"नाई समजलं," तो हळूच म्हणाला. "रेणूचं आरशातलं उलटं रूप वेगळं कसं होते? फळ्यावर तर सारखंच दिसून राह्यलं."

त्याबरोबर डोलणाऱ्या माना थांबल्या. कुणालाच समजलं नव्हतं. गुंजनला आपलेच दिवस आठवले आणि का कोण जाणे, एकदम हलकं वाटलं.

पुढच्या वेळी ती पिशवीभर बोरं, हरभऱ्याचे घाटे, लाल मिरच्या, वाटाणे, द्राक्षं आणि काड्या घेऊन आली. मधोमध कार्बनच्या जागी बोर, त्याला चार काड्या, प्रत्येक काडीच्या टोकाला वेगळी वस्तू. आरशात दिसेल तसा त्याचा जोडीदारही करायचा. मग दोन्ही फिरवून एकमेकांसारखे जुळतात का, ते पाहायचं.

"मी काहीच सांगणार नाई," ती म्हणाली. "तुम्हीच भांडा."

खरंच भांडण जुंपलं. वर्षाली म्हणे जुळतात, अंकित म्हणे जुळत नाहीत. बोरं गोल गोल फिरू लागली. दोन वस्तू जुळल्या की उरलेल्या दोन उलट्या पडायच्या. एवढ्यात नागेशनं दोन्ही बोरांवरची मिरची काढली आणि तिथं आणखी एकेक घाटा खोचला. आता फिरवून पाहिलं तर दोन्ही तंतोतंत जुळले.

"चारही वेगळे असले तरच उलटं रूप वेगळं," तो म्हणाला. "दोन सारखे झाले का संपलं."

"हेच पुस्तकात लिहून आहे," गुंजन म्हणाली. "ये, फळ्यावर काढून दाखव."

खडू हातात घेऊन तो उभा राहिला. चुकला, तर वर्षालीनं दुरुस्त केलं. पुढे वर्षाली अडली, तर त्यानं सोडवलं. शेवटी पोरांनी मिरच्या सोडून सगळे रेणू खाऊन टाकले.

हळूहळू खोली पुरेना. गलका ऐकून शिपाई रूपराव दोनदा डोकावून गेले आणि तिसऱ्यांदा बोरं घेऊन बसले. निकाल लागला तेव्हा गटातली बहुतेक पोरं सुटली होती. नागेशला तर या पेपरात गुंजनपेक्षाही जास्त मार्क पडले. हे तिनं घरी इतक्या आनंदानं सांगितलं की तिची आई मीराबाई म्हणाली, "पास तू झाली का तो?"

गुंजन आता एम.एस्सी.ला आहे. मध्यंतरी एका कामासाठी ती जुन्या कॉलेजात गेली. त्या खोलीत नागेश गट चालवत होता. पहिल्या बाकावरच्या एका नव्या मुलीला तो तोच धडा गोंडीत समजावून सांगत होता, आणि बाकीची पोरं ते शब्द आपल्या जिभेवर बसवायच्या नादात खो खो हसत होती. गुंजन गुपचूप मागच्या बाकावर जाऊन बसली. तिला एक अक्षर कळलं नाही.

तिनं हात वर केला.