भिंतीकडची खुर्ची

जोस्लीन तुस्कानो ही दोह्यातल्या आमच्या मदिनत खलीफा वस्तीतली शेजारीण, मूळची वसईची. आमचं पटायचं कारण एकच, दोघींनाही वाद घालायला मनापासून आवडतं.

तिच्या नवऱ्याला, सायमनला, इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली, म्हणून १९९८ साली ती त्याच्यामागोमाग दोह्याला आली. मुंबईची एलएल.बी., वसई कोर्टात चार वर्षं वकिली केलेली. पण इथल्या लॉ फर्ममध्ये तिला नोकरी मिळाली ती सेक्रेटरीची. कोर्टात उभं राहायला कतारी वकील लागतो, हे ठीक. पण ऑफिसात बसून सल्ला द्यायला फक्त गोरी माणसंच कशी चालतात, हे मला आजवर कुणी समजावलेलं नाही.

तिथल्या मीटिंग रूममध्ये एक लांबलचक टेबल होतं. त्याभोवती वकील आणि क्लायंट बसत. भिंतीला लागून तीन साध्या खुर्च्या. तिथे जोस्लीन, टायपिस्ट रबिया आणि फायली सांभाळणारा एरिक मांडीवर वह्या घेऊन बसायचे. तिथून बोलायचं नाही, फक्त लिहायचं. असा नियम कुठे छापलेला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती.

"सोड ती नोकरी!" मी चिडून म्हणायचे.

"आणि करू काय, मृणालिनी? तुझ्यासारख्या चिवड्याच्या ऑर्डरी घेऊ?"

मला भयंकर राग यायचा. चिवडा मात्र ती किलोकिलोने न्यायची.

तक्रारी करत बसण्याऐवजी ती रबियाकडून अरबी शिकली. रोज जेवणाच्या सुट्टीत, सात वर्षं. करार टाइप होऊन आला की दोन्ही भाषांतल्या प्रती ताडून बघायची तिला खोडच लागली.

२००५ साली फर्मला नवे प्रमुख आले, सुदानचे अबूबकर. त्यांच्या पहिल्याच मोठ्या मीटिंगमध्ये फर्मचा क्लायंट, एक कतारी कंत्राटदार, सही करायला बसला. इंग्रजी प्रतीत नोटिशीची मुदत साठ दिवस होती. अरबी प्रतीत तीस. आणि कोर्टात धरतात ती अरबी प्रत. टेबलाभोवतीच्या कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. पेनाचं टोपण निघालं, तेव्हा भिंतीकडून आवाज आला, "सही करू नका."

सगळे वळले. जोस्लीनने उभं राहून दोन्ही ओळी वाचून दाखवल्या.

"तुम्हाला हे कसं कळलं?" अबूबकर यांनी विचारलं.

"मी वकील आहे," ती म्हणाली. त्या ऑफिसात सात वर्षांत पहिल्यांदा.

मग तिने वकिलाच्या जागेसाठी रीतसर अर्ज केला. एका साहेबाचं म्हणणं पडलं, भारतीय बाई टेबलाशी बसलेली क्लायंटला चालणार नाही. अबूबकर हसून म्हणाले, "मी इथे आलो, त्या दिवशी मलाही एकाने गाडीची किल्ली देऊन पार्किंगला पाठवलं होतं." क्लायंटला विचारलं, तर तो म्हणाला, "मला तीच बाई हवी. खलास, विषय संपला!" तरी नेमणुकीचा कागद हातात पडायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत आम्ही दोघींनी नखं खाऊन संपवली.

वकील म्हणून पहिल्या मीटिंगला ती नवा कोट घालून ऐटीत आत गेली आणि सवयीने थेट भिंतीकडच्या खुर्चीत जाऊन बसली! वही उघडली, तारीख घातली. अबूबकर हळूच म्हणाले, "मिसेस तुस्कानो, आम्ही तुमच्यासाठी थांबलोय."

ती लाजून लालेलाल झाली. उठली, दोन पावलं चालली आणि थांबली. मागे रबिया नि एरिक मांडीवर वह्या घेऊन तसेच बसले होते.

"सर, टेबलाशी तिघांची जागा आहे," ती म्हणाली. "यल्ला, चल रबिया! एरिक, तूही ये. वही टेबलावर ठेवून लिहिलं तर निदान अक्षर तरी वाचता येईल."

क्लायंटच आधी हसला आणि त्याने स्वतःची खुर्ची सरकवली.

संध्याकाळी आमच्याकडे हे सांगताना तिने सगळ्यांच्या नकला केल्या. हसून हसून माझं पोट दुखलं. तिच्या दहा वर्षांच्या क्रिस्टीनाला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र इंग्रजीत. तिने विचारलं, "सो मम्मी, यू वेअर अ लॉयर ऑल धिस टाइम?"

"होते की गं," जोस्लीन म्हणाली. "बसत होते तेवढी भलतीकडे."

मी डोळे पुसले आणि चिवड्याचा अख्खा डबा तिच्यापुढे ठेवला.