नाना मास्तरांची फिल्लम

नाना मास्तरांच्या गोष्टी काढल्या की एकीचं शेपूट धरून दुसरी येते, आणि समोरचा चहा गार होतो.

नाना नांदुऱ्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. मी तिथंच गणित शिकवायचो. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपुरातून चाले. तिथल्या एका साहेबानं कापसावर फिल्म काढायला सांगितली, तशी नानांनी नोकरी सोडली आणि हातानं फिरवायचा कॅमेरा घेतला. सुट्टीत त्याचं तिकाटणं, म्हणजे कॅमेरा ठेवायची तीन पायांची घोडी, मी वाहायचो.

पहिलं शूटिंग अमडापूरच्या बाजारात. कॅमेरा दिसताच सारा बाजार टोप्या सरळ करून थिजला.

"हाला नं बे," नाना म्हणाले.

एक म्हातारा ओठ न हलवता बोलला, "हाललो तं फोटू बिघडन, मास्तर."

पडद्यावर एकटा बैल शेपूट हलवताना दिसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बैलाच्या मालकानं उठून सगळ्यांना नमस्कार केला!

रोहिणखेडच्या जुन्या मशिदीसमोर नाना दिवसभर बसले, तासातासानं थोडी फिल्म घेत. तिथले चाचा म्हणाले, "हे तं दगड हाय. फिलिम काऊन घेऊन राह्यले?"

"सावली हालते, चाचा."

चाचाही पायरीवर बसून सावली पाहू लागले. दुपारी म्हणाले, "जिंदगी गेली इथं. मले कोनी सांगतलं नाही."

नानांच्या बायकोची, आमच्या वहिनींची, मात्र तक्रार असे, "साऱ्या वऱ्हाडाचे चेहरे घेतले, माह्याच नाही."

"तुह्यासमोर हात हालते माहा."

"मंग तिकाटणं कायले घेतलं?"

नांदुऱ्याच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, घेतलेल्या फिल्ममध्ये गणपत हमाल होता. पाठीवर कापसाचं ओझं घेऊन येतो, कॅमेऱ्याकडे पाहून हसतो, निघून जातो. फिल्म धुऊन येईपर्यंत तो तापानं गेला होता.

खेळाला त्याची आई आली. संपल्यावर नानांना म्हणाली, "तो हासला, का मले भास झाला?"

नानांनी फिल्म उलटी फिरवली. गणपत मागच्या पावलांनी परत आला. उलट्या चालीला लोक एरवी हसत. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

"घरी फोटू नाही त्याचा," म्हातारी म्हणाली.

फिल्मची प्रत एकच होती. ती साहेबाला पसंत पडली, तरच पुढचं काम मिळणार होतं. नानांनी कात्री मागितली. वीतभर पट्टी कापून तिच्या पदरात बांधली. "उजेडासमोर धरून पाहाजो, माय."

नागपुरात साहेबानं फिल्म मध्येच थांबवली.

"मास्तर, तो हमाल चालता चालता एकदम कुठं गेला?"

नाना म्हणाले, "घरी गेला, साहेब."