वायपरवरचं भस्म

गाडीचा वायपर काचेवर करकरला की ते प्रकरण मला आजही जसंच्या तसं आठवतं. नावं सांगणार नाही, ठाण्याचंही नाही. त्यातली माणसं अजून इथंच, परभणीच्या आसपास राहतात. बाजारात समोर आली की बहुतेकांचा रामराम होतो, काहींचा होत नाही.

श्रावणातली गोष्ट आहे. रजा संपवून मी ठाण्यात हजर झालो, तर आवारात कडुनिंबाखाली एक मालवाहू टेम्पो उभा होता आणि त्याच्या चाकाला टेकून एक माणूस बसला होता. टेम्पो जप्त केलेला होता. माणसाला कोणी बसवलं नव्हतं, तो आपणहून बसला होता. जमादारांना विचारलं तर ते खुशीत म्हणाले, "साहेब, शनिवारचा अपघात. गुन्हा उघड झालाय. फक्त हा कबुलीजबाबावर सही करीना."

प्रकार असा होता. शनिवारी दुपारी जोराच्या पावसात, पेडगावच्या अलीकडं, दूध घालून सायकलवरून परत निघालेल्या एका वयस्कर माणसाला मागून धडक बसली. धडक देणारी गाडी थांबली नाही. मागून हा टेम्पोवाला आला. तो पिंगळीचा. त्यानं एकट्यानं जखमीला उचलून टेम्पोत घातलं आणि दवाखाना गाठला, पण म्हातारा वाटेतच गेला. आमच्या लोकांनी पंचनामा केला तेव्हा जागेवर एक तुटलेलं वायपरचं पातं मिळालं. टेम्पोत रक्त होतं, टेम्पोच्या तोंडाला पोचे होते आणि त्याच्या डाव्या वायपरला रबरच नव्हतं. जमादारांच्या मते तपास तिथंच संपला होता.

मी टेम्पोवाल्याला आत बोलावलं. तो आला, पण खुर्चीवर बसला नाही.

"सही का करत नाहीस?"

"आमी कामून सही करावं साहेब? उचलून नेलं, तेवढाच माझा गुन्हा. तेवढं लिवा, आत्ता करतो सही."

जमादारांनी त्याला समजावलं, की सही केलीस तर लगेच जामीन होईल, विमा आहे, पुढचं कोर्टात बघता येईल. तो त्यांच्याकडं न बघता मला म्हणाला, "जामीन कुणाला लागतो? ज्यानं केलं त्याला. मी गाडी घेऊनच घरी जाणार हाय. तवर हितंच बसतो."

तीस वर्षांच्या नोकरीत मी रडणारे आरोपी पाहिले, पाया पडणारे पाहिले, देवाच्या शपथा घेणारे तर रोज पाहिले. माझ्या अनुभवात खोटं बोलणारा माणूस सहसा अटी घालत नाही. हा घालत होता. शिवाय या गुन्ह्यात अडकला असता तर त्याचा परवाना गेला असता आणि जखमीला उचलणारा मारेकरी ठरला असता. तसं झालं असतं तर त्या रस्त्यावर पुन्हा कोणी कुणाला उचललं नसतं.

मी मुद्देमालातलं पातं मागवलं. आमच्या भागात उन्हाळाभर काचेवर पडलेलं रबर अक्षरशः शिजतं. लोकांना वायपरची आठवण पाऊस आल्यावरच येते. या पात्याचं रबर वाळून कडक झालेलं, कडेला चिरा गेलेल्या. असं रबर पाणी पुसत नाही, काचेवर फासतं. मी पान्यानं टेम्पोचा वायपर काढायला लावला आणि दोन्ही शेजारी ठेवले. टेम्पोचं पातं स्क्रूनं बसणारं, आखूड होतं. जागेवर सापडलेलं लांब होतं आणि दांड्याच्या आकड्यात कट्कन अडकणारं होतं. ते टेम्पोला बसवून दाखवा म्हटल्यावर जमादार खटपट करून थकले आणि म्हणाले, "आधीपासून पडलेलं असंल साहेब रस्त्यावर."

मी अपघाताच्या जागेपुढच्या फाट्यावर गेलो. तिथं चहाचं हॉटेल चालवणारी एक बाई आहे. पोलिसांना फुकट चहा न देणारी म्हणून ती आमच्यात प्रसिद्ध होती. मी पैसे देऊन चहा घेतला, तेव्हा ती बोलली.

"पांढरी गाडी गेली, साहेब. एका बाजूचा वायपर न्हाई. गडी मुंडकं बाहेर काढून चालवायलता, लय भिजलेला. मागच्या काचेवर ह्ये एवढा नंदी."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"विचारलं कुणी?"

मागच्या काचेवर मोठा नंदी असलेली पांढरी गाडी कुणाची, हे मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, कुणालाही माहीत होतं. एका तालेवार आडत्याची. मी जीप बाहेर काढायच्या आत वरिष्ठांचा फोन आला. इतक्या लवकर बातमी कशी पोचली, ते मी विचारलं नाही.

"टेम्पोवाल्याचं दोषारोपपत्र पाठवा आणि विषय संपवा. खामखा प्रतिष्ठित माणसाच्या दारात जाऊ नका."

"लेखी द्या साहेब. आदेश हातात पडला की पाठवतो."

"तुमची बदली करावी लागेल."

आमच्याकडं जुनी म्हण आहे, 'बनी तो बनी, नही तो परभनी'. कुठंच जमलं नाही तर माणसानं परभणी गाठायची. मी म्हणालो, "साहेब, मी तर परभणीतच बसलोय. याच्या पलीकडं कुठं पाठवता?" फोन ठेवला गेला. लेखी आदेश आला नाही.

दोन पंच आणि जमादारांना घेऊन मी आडत्याच्या घरी गेलो. त्यांना सगळे आप्पा म्हणत. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बोलणं गोड. त्यांनी स्वतःच गाडी दाखवली. बोनेटवर पोचा होता. तो गेल्या महिन्यात म्हैस आडवी आल्यामुळं पडला म्हणे. वायपर दोन्ही नवेकोरे.

"हे कधी बदलले, आप्पा?"

"अक्षय्य तृतीयेला. पावसाच्या आधीच बदलून घेतो मी. जुने टाकून दिले."

शिस्तीचा माणूस. मला खोट काढता येईना. मी दांडा उचलून पातं खालून बघितलं, वरून बघितलं, आणि तिथंच थांबलो. काळ्या पात्यावर पांढऱ्या भस्माची तीन बोटं ओढलेली होती. दुसऱ्या पात्यावरही तशीच. स्वच्छ, कोरडी, जराही न ओघळलेली.

मी जमादारांना आधी फोटो काढायला लावले, पंचनाम्यात वर्णन लिहून घेतलं, पंचांच्या सह्या झाल्या. मग आप्पांना म्हणालो, "तांब्याभर पाणी द्या." त्यांना वाटलं प्यायला. मी ते पाणी एकाच पात्यावर ओतलं. भस्म ओघळून काचेवरून खाली गेलं आणि पातं काळं कुळकुळीत झालं. मृगापासूनचा सगळा पाऊस अंगावर घेऊन टिकलेलं भस्म एका तांब्यात गेलं होतं. शनिवारनंतर मात्र आमच्याकडं उघडीप होती, थेंबही पडला नव्हता.

आप्पा घाईनं म्हणाले, "आई रोज लावते."

त्यांची आई दारातच उभी होती. गळ्यात करडगा, म्हणजे इष्टलिंगाची डबी, हातात जपमाळ. मी विचारलं, "आई, हे भस्म तुम्ही लावलं?"

"मीच. आमच्या घरात नवी वस्तू आली की भस्माची तीन बोटं ओढल्याबिगर वापरायची न्हाई."

"रोज लावता?"

"रोज कशाला? वस्तू नवी असंल तवा, एकदाच. ह्ये परवा लावलं, सोमवारी."

"आई, तू विसरलीस. अक्षय्य तृतीयेला लावलं होतंस," आप्पा म्हणाले.

म्हातारी मुलाला म्हणाली, "भस्म शिवाचं हाय. त्याच्यावर मला खोटं बोलाया लावू नको." मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "साहेब, कोण मेलं?"

तिला मी सांगितलं. ती आत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही.

त्यानंतर चौकशीला वेळ लागला नाही. आप्पा ठाण्यात येऊन सरळ बोलले. वायपर बदलायचे राहून गेले होते. पावसात काचेवर नुसता धुरकट पट्टा ओढला जात होता. सायकल दिसलीच नाही. दुधाची कॅन उडून काचेवर आली, तिनं पातं तुटलं. घाबरून थांबले नाहीत. रविवारी गाडी घासून धुतली, दुसऱ्या दिवशी नवे वायपर बसवले आणि आईनं नेहमीप्रमाणे भस्म लावलं.

"ते पुसून का टाकलं नाहीत?" मी विचारलं.

ते मान खाली घालून म्हणाले, "आईनं लावलेलं भस्म कसं पुसू?"

या माणसाची कीव आली, हे मान्य करतो. ती कीव आड येऊ नये म्हणूनच दोषारोपपत्रातला एकही शब्द सौम्य केला नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी देणारं खातं अशी आमची ख्याती आहे. निदान माझ्या ठाण्यापुरती ती मला खोटी करायची होती. माझी बदली झालीच. एका कोपऱ्यातल्या शाखेत टेबल मिळालं आणि निवृत्तीपर्यंत तिथंच राहिलो. अजूनही मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

बदलीच्या आधी एक काम मात्र उरलं होतं. टेम्पो सोडण्याचा कोर्टाचा आदेश आला. मी टेम्पोवाल्याला म्हणालो, "जा, गाडी घेऊन जा घरी."

तो जागचा हलला नाही. "वायपर काढून घेतलाय तुमी. लावून द्या."

जमादारांचे डोळे मोठे झाले. मी दुकानातून नवी जोडी आणायला सांगणार, तोच तो म्हणाला, "नवं नको. फुकटचं कायबी नको. जसा होता तसा द्या."

मी स्वतः पाना घेतला. दांडा निसटून काचेवर आपटू नये म्हणून खाली रुमाल घडी करून ठेवला आणि सगळ्या ठाण्यादेखत तो बिनरबराचा वायपर होता तिथं बसवला. त्यानं बाटलीतलं पाणी काचेवर टाकून वायपर चालवून बघितला. करकर झाली. त्याचं समाधान झालं. आभार न मानता तो निघून गेला.

जमादार म्हणाले, "काय माणूस आहे. एक शब्द नाही."

मला मात्र त्या दिवशी पोलिसाच्या कामाचं माप कळलं. त्या माणसाला आम्ही काहीच दिलं नव्हतं. जे त्याचं होतं तेच परत केलं होतं, आणि तेही उशिरा. त्यासाठी त्यानं आभार कशाला मानायचे?

आजही तो बाजारात भेटतो. रामराम घालत नाही. मीच घालतो.