पेटी रिकामी होती म्हणे

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी एखाद्या दारात कडुनिंबाची डहाळी दिसली की ती घटना आठवते आणि दिवसभर पिच्छा सोडत नाही. या प्रकरणातल्या कुणाचंही नाव मी देणार नाही. ज्यांची बदनामी व्हायला हवी त्यांची नाव घेऊनही होत नाही आणि ज्यांची होऊ नये त्यांची गावाच्या नावावरूनही होते, असा माझा अनुभव आहे.

तेव्हा मी हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. विधानसभेची निवडणूक लागली होती. आचारसंहितेच्या काळात ठाण्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. परवान्याची हत्यारं जमा करून घ्यायची, जुन्या गुन्हेगारांकडून चांगल्या वर्तणुकीचे बाँड घ्यायचे, भरारी पथकाला माणसं द्यायची आणि वर सभांचा बंदोबस्त. सभेला पाठवलेला शिपाई नुसता काठी घेऊन उभा नसतो, कोण काय बोललं ते त्याला ठाण्यात येऊन सांगावं लागतं. अशाच एका शिपायाने मला सांगितलं, "साहेब, आज उमेदवार त्या पेटीबद्दल बोलले. रिकामी होती म्हणे."

पेटी कसली, ते मला माहीत होतं. डोंगरकड्याजवळच्या एका गावातला तरुण दूरच्या मोठ्या शहरात वॉचमन होता. निवडणुकीच्या थोडं आधी तिथल्या बाजारात अतिरेक्यांनी स्फोट घडवला आणि त्यात तो गेला. प्रेत गावी आलं ते खिळे ठोकलेल्या लाकडी पेटीत. सोबत आलेल्या माणसांनी पेटी उघडू नका म्हणून सांगितलं. देहाची अवस्था पाहता ते योग्यच होतं. कुटुंब बौद्ध, घराण्यात प्रेत पुरण्याची चाल. भंतेजी आले, वंदना झाली आणि न उघडलेली पेटी ओढ्याकाठच्या जागेत मातीत गेली. मागे विधवा आई एकटीच राहिली.

आता हा उमेदवार. रस्ता आणि पाणी या विषयांवर बोलायची त्याला सोय नव्हती, कारण त्या वाहत्या गंगेत त्याने आधीच हात धुऊन घेतले होते. मग त्याला हा स्फोट सापडला. तो सभेत म्हणायचा, "हा स्फोट निवडणुकीच्या तोंडावरच कसा झाला? पेटी उघडू का दिली नाही? आत कोण होतं? मी काही म्हणत नाही, मी फक्त प्रश्न विचारतो." नोटीस काढली, तर उत्तरही हेच आलं की प्रश्न विचारणं हा गुन्हा आहे का. हुशार माणूस होता. आरोप करणाऱ्याला पुरावा द्यावा लागतो, प्रश्न विचारणाऱ्याला काहीच द्यावं लागत नाही.

पण तेवढ्यावर तो थांबला नाही. त्या आईच्या घरी जाऊन, तिच्या पाया पडून त्याने सांगितलं, "माउली, तुमचा मुलगा जिवंत आहे. त्याने काहीतरी बघितलं म्हणून त्याला डांबून ठेवलाय. मला निवडून येऊ द्या, हाताला धरून आणतो." गावोगाव हीच चर्चा सुरू झाली. आईने मृत्यूनंतरचा जलदान विधी थांबवला. जिवंत लेकराचा विधी कसा करायचा, असं तिने भंतेजींना विचारलं.

त्यानंतरच्या आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. मुलाला पुरलेली जागा कुणीतरी उकरली होती. मी पंचांना घेऊन गेलो. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून तिथे दगड आणि बाभळीच्या काट्या रचलेल्या होत्या. माती ओली आणि भुसभुशीत होती, पण दगड पुन्हा एकेक करून नीट रचलेले होते, आधीपेक्षाही नीट. मी जमादारांना म्हणालो, "विटंबना करायला आलेला माणूस एवढी निगा राखत नाही." आदल्या दिवशी अख्खा गाव डोंगरकड्याच्या बाजाराला गेला होता, तेव्हा हे भर दुपारीच झालं असणार.

प्रेत जागेवर आहे की नाही, ते पाहणं भाग होतं. तहसीलदार आणि डॉक्टर यांच्यासमोर पेटी काढली. झाकणाचे खिळे उपसून पुन्हा ठोकलेले होते. आत प्रेत होतं. डाव्या हाताची दोन बोटं जुनी तुटलेली. लहानपणी मळणीयंत्रात त्याची बोटं गेली होती, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मला वाटलं, चला, आता तरी या वावड्या थांबतील.

त्याच संध्याकाळच्या सभेत उमेदवार म्हणाला, "काल जागा उकरली गेली आणि आज प्रेत सापडलं. आता मी विचारतो, काल ते आत घातलं कुणी?"

नोकरीत मला राग पुष्कळदा आला, पण त्या संध्याकाळी जसा आला तसा क्वचितच. दुसऱ्या दिवशी मी आईकडे गेलो. दोरीवर मुलाचा सदरा धुऊन वाळत घातला होता. मी दोन बोटांचं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती.

"बोटं कापाया काय लागतंय, साहेब?" ती म्हणाली. "ज्यायला खोटं मढं ठिवायचंय त्ये बोटं बी कापतील."

"मावशी, असं कोण करील?"

"मला पक्कं ठाव हाय. पेटी रिकामी व्हती."

"कुणी सांगितलं?"

त्यावर मात्र ती गप्प बसली. उमेदवाराने सांगितलं असतं, तर तिने त्याचं नाव बेलाशक घेतलं असतं. ती गप्प बसली, म्हणजे ती कुणाला तरी पाठीशी घालत होती. आणि त्या कुणीतरी पेटीत स्वतः डोकावून पाहिलं होतं. शेवटची मोठी सभा तोंडावर आली होती आणि तीत या बाईला मंचावर उभं करून बोलायला लावणार, असा बोभाटा झाला होता. एकदा तिने माईक हातात घेऊन आपला मुलगा जिवंत आहे असं सांगितलं असतं, तर तिला आयुष्यभर दाराकडे डोळे लावून बसावं लागलं असतं. गुन्ह्याचा तपास होताच, पण मला घाई होती ती याची.

खबर आणली ती पुन्हा पोलीस पाटलांनीच. ठाण्यात येऊन चहा अर्धा झाल्यावर ते सहज बोलल्यासारखं म्हणाले, "साहेब, एक गोष्ट मनात घोळून राहिली. बाजाराच्या दिवशी माझी म्हातारी माय घरीच व्हती. समोरच्या पोरानं भर दुपारी अंगणात कपड्यासकट आंघोळ केली. दारात कडुनिंबाची डहाळी, अन् पाला चावूनच घरात पाय ठेवला. म्हातारीनं इचारलं, कोन गेलं रे बाबा? तर म्हने सासरवाडीकडचं कोनीतरी."

ज्यांना ही चाल माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे शेतकऱ्यांच्या घरात मयतीवरून आलेला माणूस आंघोळ केल्याशिवाय आणि कडुनिंबाचा पाला चावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. सासरवाडी सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याला होती. मी तिथल्या पोलीस पाटलांना फोन लावला. त्या आठवड्यात साखऱ्यात कुणीही गेलेलं नव्हतं.

आंघोळ करणारा तो तरुण म्हणजे मृताचा जिवलग दोस्त. ज्या मळणीयंत्रात दोन बोटं गेली, ते यंत्र यांच्याच शेतातलं. त्याला ठाण्यात बोलावलं. मी तपासात हात उगारण्याच्या विरुद्ध होतो, नीतीपेक्षाही व्यवहार म्हणून. मार खाऊन माणूस आपल्याला हवं ते बोलतो, खरं बोलेलच असं नाही. त्याला पाणी दिलं आणि बसू दिलं. आधी तो म्हणाला, मी नाहीच. सासरवाडीचं खोटं उघडं पडल्यावर त्याने मान खाली घातली.

"मीच उकरलं साहेब. त्याच्या मायनं सांगितलं व्हतं, तू बघून ये. दुसऱ्या कोनावर इस्वास न्हाई म्हने. पन पेटी रिकामी व्हती."

"रिकामी?"

"व्हय. बिलकुल रिकामी."

"मग आंघोळ कुणाची केलीस?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले आणि एवढा धट्टाकट्टा गडी टेबलावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. जमादार उठून बाहेर गेले. मलाही बाहेर जावंसं वाटलं, पण मला जाता येत नव्हतं.

मग सगळं बाहेर आलं. झाकण काढल्याबरोबर त्याने हात ओळखला. तशीच पेटी बंद केली, माती लोटली, दगड रचले. घराकडे निघाला, पण दोस्ताच्या आईला काय सांगायचं ते सुचेना, म्हणून आधी वाटेत उमेदवाराच्या कचेरीत गेला. त्याला वाटलं, खरं कळल्यावर उमेदवार सभेत तरी गप्प बसेल. उमेदवाराने सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हे माउलीला सांगू नकोस. तिचं काळीज फाटेल. मतदान होईपर्यंत आशेवर जगू दे बिचारीला." पोराला ते पटलं. घरी येऊन त्याने आंघोळ केली आणि मग आईला जाऊन सांगितलं, पेटी रिकामी होती.

म्हणजे आत प्रेत आहे, हे उमेदवाराला आमच्या आधी माहीत होतं. दुसऱ्या दिवशीच्या सभेत त्याने "काल ते आत घातलं कुणी" असं विचारलं, ते हे माहीत असताना. मी जबाब नोंदवून घेतला. पण त्या खोलीतल्या बोलण्याला दुसरा साक्षीदार नव्हता. दफनाच्या जागेत घुसून पेटी उघडल्याचा गुन्हा लागला तो या पोरावर. उमेदवारावर काय लावायचं, ते वरिष्ठांनाही सापडलं नाही आणि मलाही.

सभेच्या दिवशी सकाळी मी पोराला घेऊन आईकडे गेलो. ती पांढरी साडी नेसून तयार बसली होती. मी म्हणालो, "मावशी, हा काही सांगायला आलाय."

पोरगा तिच्यापुढे खाली बसला आणि म्हणाला, "माय, त्यो व्हता. पेटीत त्योच व्हता."

"पोलिसांनी मारलं का रे तुला?" तिने विचारलं.

"न्हाई माय."

"मंग काहून असं बोलून राहिला?" तिने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, मीच त्याला पढवून आणलंय. माझ्यापाशी पंचनामा होता, डॉक्टरांचा अहवाल होता. त्यातलं काहीही मी काढलं नाही. मी एवढंच म्हणालो, "मावशी, त्या दिवशी तुमच्याकडे यायच्या आधी यानं अंगणात कपड्यासकट आंघोळ केली. कडुनिंब चावला. पाटलांच्या आईनं बघितलंय."

ती पोराकडे वळली. "केली व्हती?"

त्याने मान हलवली.

"आमी सोडलं ते सारं," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "पन ह्यायच्या घरी पाळतेत. ह्याचा बाप गेला तवा बघितलंय म्या." मग तिने हात पुढे करून पोराचं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं. "रिकाम्या पेटीची आंघोळ कोन करतंय, लेकरा. तू एकटाच मयतीला जाऊन आलास."

तेवढ्यात दारात जीप थांबली. उमेदवाराचा माणूस आत डोकावून म्हणाला, "चला माउली, साहेब वाट बघून राहिले." मी उठायच्या आतच ती उठली. दोरीवरचा सदरा तिने काढला, घडी घालून छातीशी धरला आणि दारापाशी गेली.

"जा बाबा तू," ती म्हणाली. "सांग तुझ्या साहेबाला, आज आमच्या घरी मयत झालंय."

जीप गेली. संध्याकाळच्या सभेत पोलिसांनी एका आईवर दबाव आणल्याचं भाषण झालं, टाळ्याही पडल्या. तो उमेदवार निवडून आला की पडला, ते सांगत नाही, सांगितलं तर तो ओळखू येईल. पुढे जलदान विधी झाला. दोस्त जामिनावर होता, त्याने पंक्तीला पाणी वाढलं.

पोलिसाला वाटतं, पुरावा दाखवला की खोटं मरतं. या प्रकरणाने माझा तो भ्रम घालवला. ज्या खोट्यात आईला आपलं लेकरू जिवंत दिसतं, त्याच्यापुढे पंचनाम्याचं काही चालत नाही. तिथे तिच्याच माणसाला येऊन खरं सांगावं लागतं. अतिरेक्यांनी तिचा मुलगा एकदा मारला होता. उमेदवाराने त्याला जिवंत केलं, आणि पुन्हा मारायचं काम आमच्यावर आलं. ते आम्ही केलं. बरोबरच केलं. पण दोरीवरून सदरा काढतानाचे तिचे हात मला अजून दिसतात.