गाडीतल्या देवापुढचा दिवा

डिझेल गाडी डिझेलवर चालते, अशी माझी चाळीस वर्षं समजूत होती. तिला वीजही लागते, हे शिमग्याला गावी निघताना आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कळलं.

गाडी खोकली आणि गप्प झाली. मागच्या सीटवर आई मांडीवर ओटीचा खण-नारळ घेऊन बसलेली. शिमग्यात देवीची पालखी घरोघर येते. दार उघडं असेल तर अंगणात, बंद असेल तर पुढे. गेल्या वर्षी मला रजा मिळाली नाही आणि आमचं दार बंद राहिलं. आईने ते एकदाही बोलून दाखवलं नाही, म्हणूनच मला ते वर्षभर ऐकू येत होतं.

"मेकॅनिकला फोन कर," नेहा, माझी बायको, म्हणाली.

"मेकॅनिक कशाला? मी आहे ना!"

"म्हणूनच तर!"

मी ऑनलाइन मागवलेला स्कॅनर गाडीला जोडला. (तोवर तो फक्त शेजाऱ्यांना दाखवण्यापुरता होता.) मोबाइलवर निदान उमटलं: इंजेक्शनच्या कंट्रोल मॉड्यूलला व्होल्टेज कमी.

"म्हणजे डिझेल कधी, किती फवारायचं ते ठरवणारा गाडीचा मेंदू," मी समजावलं. "त्याला वीज पुरत नाहीये."

"मालकाचा गुण लागला म्हणायचा!"

मी नवी बॅटरी आणून बसवली. गाडी ढिम्म! बॅटरीची टोकं घासली, फ्यूज उपसले, पुन्हा खोचले. इंजिन नाही, पण हॉर्न सुरू झाला. थांबेचना! सेक्रेटरी बाल्कनीत आले. "अहो, वरात कुणाची?" शेवटी एक वायर ओढून, वर टेप गुंडाळून मी त्याला गप्प केलं.

मग मीटर लावला. नेहाने चावी फिरवली. बॅटरीपाशी वीज भरपूर, मॉड्यूलपाशी जेमतेम निम्मी! मी डोकं धरून बसलो.

आई खाली उतरली. सोसायटीच्या पाण्यासाठी जन्मभर भांडलेली बाई!

"टाकी भरलेली आहे ना?"

"हो."

"आणि वरच्या मजल्यावर नळाला करंगळीएवढी धार?"

"अगदी तसंच."

"मग पाइप धरून चालत ये. मध्येच कुणीतरी चोरून मोटर लावली असणार!"

"आई, गाडीत कोण चोर येणारे?"

"बघ तरी!"

बॅटरीपासून वायर चाचपत मी डॅशबोर्डखाली शिरलो आणि तिथेच थांबलो. वायर सोलून, पिळून, वर टेप गुंडाळून तिला कुणीतरी दुसरी वायर जोडली होती. सांधा जळून काळा पडलेला. दुसरी वायर वर जात होती, डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढच्या इवल्याशा दिव्याकडे. गाडी घेतली तेव्हा आई म्हणाली होती, "देवापुढे अंधार नको रे." आणि 'इलेक्ट्रिशियन कशाला, मी आहे ना' म्हणणारा गृहस्थ तुम्ही ओळखला असेलच.

दिवा बिचारा दोन थेंब पीत होता. सगळी गळती माझ्या सांध्यात!

"सापडला चोर?" आईने वाकून विचारलं. तिची नजर वायरीवरून दिव्याकडे गेली, तिथून माझ्याकडे. "मी म्हटलं म्हणून लावलास ना रे?" ती हळूच म्हणाली. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नेहाने मला न विचारता मेकॅनिक बोलावला. त्याने सांधा तोडून नवी वायर टाकली, दिव्याला वेगळी जोडणी दिली. गाडी पहिल्याच चावीला सुरू!

"हॉर्नच्या वायरीला टेप दिसतोय, बघू का?" त्याने विचारलं.

"ते मी केलंय," मी ऐटीत म्हणालो.

पालखी अंगणात आली तेव्हा दार सताड उघडं होतं. आईने ओटी भरली. किती वेळ तिचा हात पालखीवरून निघेना. मग गावच्या मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, "बाये, लेकरांना सुखी ठेव!"

"व्हय महाराजा!"

आई त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. ते खाकरले. "आणि ह्या लेकराच्या हाताला पुन्हा पकड नि टेप लागू देऊ नको गे माये!"

"व्हय महाराजा!" अख्खी वाडी गरजली. सगळ्यात वरचा आवाज नेहाचा.

आणि त्यामागोमाग अंगणातल्या गाडीचा हॉर्न वाजू लागला, तो थांबेचना. गाडीत माझ्या टेपचं तेवढंच एक काम शिल्लक होतं.